मान मोडून घेण्याविषयी थोडं

फळ्यावर विषय लिहिलाय, 'मानेच्या मणक्यांचे विकार : ओळख, उपचार, प्रतिबंध'. वेळ पाऊण तास. पहिल्या रांगेत चौघांच्या माना आत्ताच मोबाइलवर झुकल्यात, म्हणजे प्रात्यक्षिकाची सोय झाली.

मी सुरुवात सलूनपासून करतो. आपल्या मालवणात दाढीनंतर चंपी आणि चंपीनंतर मान मोडणं, हे ओघानंच येतं. एकदा चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी डोळे मिटून खुर्चीत पडलो होतो. एक हात हनुवटीखाली, एक डोक्यामागे, आणि मी 'नको' म्हणायच्या आत कडाक! वर न्हावी विचारतो, "बरा वाटला मां?" मी हाडांचा डॉक्टर. हो म्हणालो! लाज वाटते, दुसरं काय.

सकाळी मान डावीकडे धरलेली. दरवर्षी मूर्तिशाळेतून गणपती मी डोक्यावरून आणतो. त्या वर्षी पुतण्यानं आणला आणि मी मागून तिरकी मान करून 'मोरया' म्हणत चाललो. दवाखान्यात एक म्हातारी म्हणाली, "डॉक्टरांनू, तुमी खंयच्या डॉक्टराक दाखवल्यात?" तीन दिवसांत सुटली मान, पण नशिबानं. कडाक् आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो त्याचा. हाड 'जागेवर' वगैरे काही बसत नाही. आणि मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या भोकांतून वर जातात. अचानक हिसक्यानं त्यांचं अस्तर फाटू शकतं, गुठळी होऊन अर्धांगवायूही होऊ शकतो. क्वचित होतं, पण वीस रुपयांच्या चंपीत ही जोखीम कशाला?

चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरली. बरं, पळतो.

मानेत मणके सात. जिराफाच्याही मानेत सातच, तेव्हा उंच लोकांनी फुशारू नये. डोकं साधारण पाच किलोचं, पण साठ अंश खाली वाकवलं की मानेवरचा भार सत्तावीस किलोंच्या घरात जातो, असा हिशेब २०१४ साली मांडला गेला. सिमेंटच्या अर्ध्या पोत्याहून जास्त. आमच्या मासेवाल्या मावशी चुंबळीवर पाटी घेऊन मान ताठ ठेवतात, ते बरोबर; पण वर्षानुवर्षं डोक्यावर वजन वाहिलं की मणक्यांमधल्या चकत्या झिजतात, हेही खरं.

चाळिशीनंतर बऱ्याच जणांच्या एक्स-रेत झीज दिसते. दुखत नसेल तर रिपोर्ट गादीखाली ठेवून द्या. साधं दुखणं बहुतेकदा काही आठवड्यांत उतरतं. हातात कळ, मुंग्या आल्या तर दाखवा. मात्र शर्टाची बटणं लागेनाशी झाली, पायातून चप्पल नकळत निसटायला लागली, चाल डुगडुगली, लघवीचा ताबा गेला, तर मज्जारज्जू दाबला जात असेल. तेव्हा लेप, शेक, पट्टा काही नको, त्याच दिवशी बांबोळी, म्हणजे गोव्याचं मोठं सरकारी हॉस्पिटल गाठा. पट्टाही दागिन्यासारखा महिनोन् महिने मिरवू नका, स्नायू आळशी होतात. उशी मान सरळ राहील एवढीच. मोबाइल डोळ्यांपाशी आणा, डोळे मोबाइलपाशी नको.

आता सगळ्यांनी तळहात कपाळावर ठेवा. डोकं पुढे रेटा, हातानं अडवा, मान हलू द्यायची नाही. दहा आकडे. अहो, श्वास का रोखलात? आता हेच मागून, मग दोन्ही बाजूंनी.

मागे चहा आला वाटतं. बघा वळून, पण हळू.