हाताच्या दुखण्याला नाव हवं

मित्रमैत्रिणींनो, बाह्यरुग्ण विभागाच्या कागदावर एक ओळ तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल: 'उजवा हात दुखतो, जुनं दुखणं.' पुण्यात किंवा नवी मुंबईत बसून अमेरिकेतल्या रुग्णालयांचं कोडिंग करणाऱ्यांच्या, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदीतल्या प्रत्येक आजाराला ठरलेला कोड देणाऱ्यांच्या, पडद्यावर हीच ओळ इंग्रजीत येते. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीच्या अमेरिकी आवृत्तीत तिला कोड मिळतो एम ७९.६०१, उजव्या हातातली वेदना. नियमाने पाहिलं तर यात चूक नाही, कारण डॉक्टरांनी जेवढं लिहिलं तेवढंच कोडरने नोंदवलं. पण त्या कोडवरून माणसाला कशाने दुखतंय याचा पत्ता लागत नाही. मज्जातंतूचं, म्हणजे नसेचं, दुखणं 'हात दुखतो' या नोंदीखाली गाडलं जाऊ नये, एवढ्याचसाठी मी आज बोलायला उभी आहे.

हे दुखणं वेगळं असतं. रुग्ण सांगतात, आग होते, मुंग्या येतात, मधूनच वीज गेल्यासारखी कळ येते. काहींना अंगावरची चादर हाताला लागलेलीही सोसत नाही. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा इथे फारसा उपयोग होत नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटीन, गॅबापेंटिन, प्रिगाबालिन अशी निराळी औषधं लागतात. म्हणजे दुखणं नसेचं आहे की स्नायूचं, यावर पुढचा सगळा उपचार ठरतो.

आता त्या एका ओळीमागे कोण कोण असू शकतं ते पाहा. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं रात्री बधिर होतात, झोपेतून उठून हात झटकावा लागतो, अशी बाई असेल तर मनगटात मीडियन नस दबलेली असण्याचा संभव मोठा. तो कार्पल टनेल, उजव्या हाताला जी ५६.०१. करंगळीकडे मुंग्या येत असतील तर कोपरातली अल्नर नस, जी ५६.२१. मानेतून कळ निघून हातात उतरत असेल तर मानेच्या मणक्यांजवळ नसेचं मूळ दाबलं गेलंय का ते पाहावं लागतं, त्याचा कोड एम ५४.१२. नागीण येऊन गेली, पुरळ सुकलं, पण तिच्या पट्ट्यात आग उरली, तर कोड थेट संसर्गाच्या प्रकरणात जातो: बी ०२.२९. दुचाकीवरून खांद्यावर आपटून ब्रेकियल प्लेक्सस, म्हणजे मानेतून हातात जाणाऱ्या नसांचं जाळं, ताणलेला माणूस दुखणं कमी करायला येतो, तेव्हा आधी जी ८९.२१, अपघातातून आलेली दीर्घकालीन वेदना, आणि तिच्या मागे एस १४.३ हा जुन्या इजेचा कोड, सातव्या जागी 'एस' लावून. तो 'एस' सांगतो की इजा जुनी आहे आणि समोर दिसतोय तो तिचा मागे उरलेला परिणाम. नवीन कोडर इथे सवयीने 'ए' लावतात आणि दोन वर्षांपूर्वीचा अपघात कागदावर परत ताजा होतो.

यातलं काहीही कोडरने स्वतःच्या मनाने ठरवायचं नाही. औषधांच्या यादीत प्रिगाबालिन दिसलं म्हणून नसेचा आजार धरून चालायचं नाही. 'कार्पल टनेल असावा' असं लिहिलं असेल, तर अमेरिकी नियमांप्रमाणे बाह्यरुग्णासाठी तो निदानाचा कोड देता येत नाही, लक्षणांचाच द्यावा लागतो. तेव्हा डॉक्टरांना विचारायचं. विचारतानाही उत्तर त्यांच्या तोंडी घालायचं नाही. 'वेदनेचं कारण निश्चित झालं आहे का, झालं असल्यास कृपया नोंदवावं' हा प्रश्न योग्य. 'कार्पल टनेल लिहू का?' हा अयोग्य. मोठ्या डॉक्टरांना प्रश्न पाठवायला नवीन मुलं बिचकतात. माझं त्यांना कळकळीचं सांगणं आहे, बिचकू नका. तो प्रश्न तुम्ही रुग्णाच्या वतीने विचारत असता.

आणखी एक जोडी नीट समजून घ्यायला हवी. अमेरिकेच्या यादवी युद्धात फिलाडेल्फियातल्या टर्नर्स लेन रुग्णालयात डॉक्टर सायलस वेअर मिचेल आणि त्यांचे सहकारी बंदुकीच्या गोळीने नसा दुखावलेले सैनिक तपासत होते. १८६४ साली त्यांनी ती निरीक्षणं प्रसिद्ध केली. जखम भरून आली तरी हाताची आग थांबत नव्हती. सैनिक हातावर सतत ओला कपडा ठेवत, कोरडा स्पर्शही नको असे. त्या दुखण्याला मिचेल यांनी दिलेलं कॉझाल्जिया हे नाव कोडच्या पुस्तकात आजही आहे: उजव्या हातासाठी जी ५६.४१. त्यात नसेला झालेली इजा दाखवता येते. तशीच आग, सूज, त्वचेच्या रंगात आणि तापमानात फरक, पण नसेची इजा सापडत नाही, तेव्हा तो कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोमचा पहिला प्रकार, जी ९०.५११. हाताचं हाड मोडून प्लास्टर निघाल्यावर असे रुग्ण दिसतात, आणि 'मनाचे खेळ आहेत' असं घरच्यांकडून ऐकून आलेले असतात. त्यांच्यासाठी निदानाचं नाव कागदावर येणं हाच मोठा आधार असतो.

आपल्याकडचा एक मोठा गट मात्र कुठल्याच नोंदीत धड दिसत नाही. तो म्हणजे कुष्ठरोगातून बरे झालेले लोक. वरोऱ्याच्या आनंदवनामुळे हा आजार मराठी माणसाला अनोळखी नाही. कुष्ठरोगाचा जंतू नसांवर हल्ला करतो, आणि हातात बहुधा कोपराजवळच्या अल्नर नसेवर. ती जाड होते, बोटांनी चाचपता येते. बहुविध औषधोपचार सहा किंवा बारा महिन्यांत संपतो, जंतू मरतात आणि रुग्णाचं नाव उपचाराच्या यादीतून निघतं. २००५ च्या डिसेंबरात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचं देशपातळीवर निर्मूलन झालं. ते यश खरंच आहे. पण दुखावलेली नस औषध संपलं म्हणून शांत होत नाही. काहींना पुढे कितीतरी वर्षं हातात आग होत राहते. गंमत नव्हे, क्रूरपणा असा, की ज्या हाताला चटका कळत नाही त्याच हातात ही वेदना वस्तीला असते. 'बधिर आहे तर दुखतंय कसं?' असं विचारून त्यांना परत पाठवलं जातं.

अशा माणसाला ए ३०, म्हणजे चालू कुष्ठरोगाचा कोड देऊ नये. तो बरा झालेला आहे, आणि हा शिक्का पुन्हा मारणं अन्याय आहे. आयसीडी-१० मध्ये यासाठी बी ९२ आहे, कुष्ठरोगाचे मागे उरलेले परिणाम. अल्नर नसेचा जी ५६.२ आधी, बी ९२ सोबत. पण त्यासाठी डॉक्टरांनी नस, बाजू, उपचार कधी पूर्ण झाला आणि वेदना किती काळ आहे, हे लिहायला हवं. आपल्याकडच्या विमा दाव्याच्या अर्जातही, रुग्णालयाने भरायच्या भागात, आयसीडी-१० कोडची जागा असते. तिथे घाईने 'हात दुखणे' टाकलं की तीच नोंद पुढे जाते.

आयसीडी-१० या जुन्या पुस्तकात दीर्घकालीन वेदनेला स्वतःचं नीट घर नव्हतं. जी ८९ हा गट अमेरिकेने आपल्या आवृत्तीत घातलेला, आणि वेदना किती दिवसांनी 'दीर्घकालीन' म्हणायची याची मुदत त्यातही नाही, ते डॉक्टरांच्या नोंदीवर सोडलंय. त्याची पुढची आवृत्ती, आयसीडी-११, जागतिक आरोग्य सभेने २०१९ मध्ये स्वीकारली, १ जानेवारी २०२२ पासून ती अंमलात आली. तिच्यात एमजी ३० हा दीर्घकालीन वेदनेचा स्वतंत्र गट आहे. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणारी किंवा पुनःपुन्हा येणारी वेदना, अशी स्पष्ट मर्यादा आहे. मेंदू आणि मज्जारज्जूबाहेरच्या नसांच्या दीर्घकालीन वेदनेला एमजी ३०.५१. मूळ आजाराचा कोड त्याला जोडता येतो. म्हणजे कुष्ठरोग बरा झालेल्या माणसाची वेदना हाच नोंदवण्याजोगा, उपचार मागणारा आजार ठरतो.

मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती तीव्रतेची नोंद. वेदना किती आहे, तिच्यामुळे मनाला त्रास किती होतो आणि रोजच्या कामात अडथळा किती येतो, या तीन गोष्टी वेगवेगळ्या विचारायच्या आणि प्रत्येकीला शून्य ते दहा यांत आकडा द्यायचा. समजा, औषध सुरू केल्यावर एखाद्या शिवणकाम करणाऱ्या बाईंची वेदना सातवरून सहावरच आली, पण कामातला अडथळा आठवरून तीनवर उतरला. एकच आकडा विचारणारा डॉक्टर औषध निकामी ठरवून बंद करील. तिन्ही आकडे लिहिलेले असतील तर कळेल, की बाई पुन्हा मशीनवर बसायला लागल्या आहेत आणि ते औषध चालू ठेवायला हवं.