बर्सर्क, खंड पहिला: एकटा वाचू नका, तीन सलग वाचा

(दृश्य: टेबलावर पहिला खंड. हात पुस्तक उजवीकडून उघडतो.)

नोव्हेंबर १९९०. जपानच्या हाकुसेन्शा प्रकाशनाने ‘बर्सर्क’चा पहिला खंड बाजारात आणला. कथा आणि चित्रं दोन्ही केन्तारो मिउरा यांची. तेव्हा ते अवघे चोवीस वर्षांचे होते. काळ्याकुट्ट, रक्ताळलेल्या अद्भुतकथेची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मालिका वाचायची असेल, तर आम्ही याच खंडाचं नाव घेऊ. अट एकच: एवढ्यावरून मालिकेबद्दल मत बनवायचं नाही. पहिले तीन खंड सलग वाचायचे, आणि मग ठरवायचं.

असं का, ते पहिली काही पानं उलटली की कळतं. काळा झगा, एक डोळा मिटलेला, डाव्या हाताच्या जागी लोखंडी हात आणि पाठीवर माणसाच्या उंचीची तलवार. हा गट्स. तो कोण, कुठून आला, कशाचा सूड घेतोय, मिउरा काहीच सांगत नाहीत. एका गुत्त्यात काही गुंड पक नावाच्या चिमुकल्या परीजीवाचा छळ करत असतात. गट्स आत येतो आणि बोलण्याआधीच बाण सोडतो. पकची सुटका होते, पण पकला वाचवायला हा माणूस आलेलाच नसतो. पुढे तो त्याला धड दोन गोड शब्दही बोलत नाही.

इथेच बरेच वाचक पुस्तक मिटतात. नायक निर्दय, गोष्ट अर्धवट, हिंसा मात्र पानोपानी, अशी तक्रार असते. वाचकाला सूडाच्या ऐन मध्यावर आणून सोडलंय, हे तेव्हा लक्षात येत नाही. हा माणूस असा का झाला, याचं उत्तर तिसऱ्या खंडाच्या अखेरीस सुरू होतं, गट्सच्या जन्मापासून. ती मागची कथा चौदाव्या खंडापर्यंत चालते. पहिल्या खंडात खटकलेली एकेक गोष्ट, त्याचं कुणाला जवळ न येऊ देणंसुद्धा, तिथे उलगडत जाते.

(दृश्य: गट्सच्या मानेवरच्या खुणेचं चित्र, अगदी जवळून.)

पहिल्या खंडाचा गाभा दुसऱ्या प्रकरणात आहे. गट्सच्या मानेवर एक डाग दिलेला आहे. भुतंखेतं जवळ आली की त्यातून रक्त येतं, आणि रात्र पडली की ती येतातच. एक म्हातारा धर्मगुरू आणि त्याच्यासोबतची कोवळी मुलगी त्याला आपल्या गाडीत बसवून घेतात. त्या रात्री जे घडतं, त्यात शेवटी त्या मुलीच्या देहावर गट्सलाच तलवार चालवावी लागते. त्याच्या सोबत राहणाऱ्याचं काय होतं, ते मिउरांनी या एका प्रवासात दाखवलं. त्याचा तुसडेपणा इथून वेगळा दिसायला लागतो.

चित्रांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. पुढच्या खंडांतल्या चित्रांची ख्याती ऐकून इथे आलात, तर सुरुवातीचे चेहरे थोडे ओबडधोबड वाटतील. पण झग्याच्या घड्या, चिलखत, राक्षसाची कातडी पाहा. रेघेवर रेघ ओढून तिथे अंधार उभा केलेला आहे. ही पानं भराभर उलटू नका. दिवा नीट लावून बसा.

वाचायची दिशा उजवीकडून डावीकडे. मराठी पुस्तकाचं शेवटचं पान असतं, तिथून उघडायचं. पानावर वरच्या उजव्या चौकटीपासून सुरुवात करून खालच्या डाव्या चौकटीशी संपवायचं, आणि चौकटीतले संवादफुगेही उजवीकडूनच वाचायचे. चौकटी उजवीकडून पण फुगे सवयीने डावीकडून, ही नेहमीची गफलत. मग उत्तर आधी येतं आणि प्रश्न मागून, आणि भाषांतरच वाईट आहे असा समज होतो.

(दृश्य: सुटा खंड आणि मोठी आवृत्ती शेजारीशेजारी.)

इंग्रजी आवृत्ती अमेरिकेतल्या डार्क हॉर्सची आहे. सुटा पहिला खंड २००३ मध्ये आला. २०१९ पासून त्यांनी डीलक्स आवृत्ती काढली: पुठ्ठा बांधणी, सात बाय दहा इंचांचं पान, आणि पहिल्या पुस्तकात खंड १ ते ३ एकत्र. आमचा कौल डीलक्सला. तीन खंड सलग वाचायची अट आपोआप पाळली जाते, आणि मोठ्या पानावर बारीक रेघा एकमेकींत मिसळत नाहीत. तोटा म्हणजे वजन. झोपून, हातात धरून वाचता येत नाही, मांडीवर किंवा टेबलावर ठेवावं लागतं. सुटा खंड प्रवासात बरा, पण दुपानी चित्राचा मधला भाग बांधणीत जातो. तो दिसावा म्हणून पुस्तक दाबून उताणं केलंत, तर कणा तडकतो आणि पानं सुटतात.

टॅबलेटवर वाचणार असाल तर तो आडवा धरा, दोन पानांची मांडणी निवडा आणि दिशा उजवीकडून डावीकडे ठेवा. दुपानी चित्राचे दोन तुकडे वेगवेगळ्या जोड्यांत दिसले, तर मुखपृष्ठ जोडीत मोजलं गेलंय. मुखपृष्ठ एकटं ठेवायचा पर्याय निवडला की जोड्या जुळतात. फोनवर मात्र वाचू नका, या चित्रांचं त्यात मातेरं होतं.

हे पुस्तक प्रौढांसाठीच आहे. पहिल्याच प्रसंगात लैंगिक दृश्य आहे, पुढे छळ, अंगांची चिरफाड आणि मुलाचा मृत्यू आहे. नंतरच्या खंडांत बलात्काराचे प्रसंग येतात. घरात मुलं असतील तर पुस्तक त्यांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

काही जण सांगतात, पहिले तीन सोडा, थेट मागच्या कथेपासून सुरू करा. तसं करू नका. गट्सचं पुढे काय होणार हे आधी ठाऊक असतं, म्हणूनच त्याच्या तारुण्यातल्या सुखाच्या पानांवर जीव टांगणीला लागतो.

मिउरा ६ मे २०२१ रोजी गेले. २०२२ पासून त्यांचे मित्र कोउजी मोरी यांच्या देखरेखीखाली त्यांच्याच स्टुडिओतले चित्रकार मालिका पुढे नेत आहेत, त्यामुळे वाचायला घेतलेली गोष्ट वाऱ्यावर सुटलेली नाही. आणि चौदाव्या खंडाच्या शेवटी १९८८ मधली एक सुटी गोष्ट छापलेली आहे. मालिकेचा तो पहिला खर्डा. मुख्य कथेच्या ओघात ती बसत नाही, तेव्हा ती नंतर, वेगळी वाचा.