कॉम्प्युटर स्लो झालाय? आधी त्याची मेमरी बघा

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या काकूंचा कॉम्प्युटर माझ्याकडे आला. काकू घरून डीटीपीची कामं करतात, लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, मंडळाच्या पावत्या असलं सगळं, आणि तो कॉम्प्युटर सुरू व्हायलाच सहा-सात मिनिटं घ्यायचा, म्हणजे सकाळी बटण दाबायचं, चहा टाकायचा, तो पिऊन कप विसळून ठेवायचा तेव्हा कुठे काम सुरू. एका दुकानात विचारलं तर तिथे सांगितलं की प्रोसेसर जुना झालाय, आता नवीनच घ्या. काकूंना काही ते पटेना. म्हणून आज मला तुमच्याशी हार्डवेअरवर बोलायचंय आणि त्यातही मेमरीवर, कारण माझं ठाम मत आहे की आजवर सगळं कौतुक प्रोसेसरच्या वाट्याला गेलं, आणि खरी झटापट चालली होती ती साठवणीची.

हार्डवेअरचे प्रकार तसे तुम्हाला माहीत आहेतच. कीबोर्ड, माउस, स्कॅनर माहिती आत घेतात, मॉनिटर आणि प्रिंटर ती बाहेर दाखवतात, मधे प्रोसेसर हिशोब करतो आणि मदरबोर्ड सगळ्यांना जोडून ठेवतो. पण हिशोबाला आकडे लागतात ना, ते कुठेतरी ठेवायला हवेत, आणि नुसते ठेवून भागत नाही, ते हाताशी हवेत!

आपल्या मुंबईचंच बघा. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली आपल्याच लोकांनी बांधलेला टिफ्रॅक नावाचा कॉम्प्युटर सुरू झाला, 18 फूट लांब नि 8 फूट उंच लोखंडी रॅक, त्यात 2,700 व्हॅक्यूम ट्यूब. त्याची मेमरी होती फेराइट नावाच्या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्यांची. कडी म्हणजे काय, तर आपल्या पोतीतल्या मण्यासारखी, मधे भोक आणि त्या भोकातून आडव्या-उभ्या तारा ओवलेल्या, अशी सगळी जाळी. तारेतून करंट सोडला की कडीतलं चुंबकत्व एका दिशेने फिरतं, ते झालं 1, उलट फिरलं की 0, आणि अशी 1 किंवा 0 ची एक नोंद म्हणजे एक बिट. आणि गंमत म्हणजे कडी वाचली की तिच्यातली नोंद पुसली जायची, म्हणून मशीन वाचल्यावाचल्या तेच परत लिहून ठेवायचं. टिफ्रॅकची मेमरी 2,048 शब्दांची, शब्द म्हणजे मशीन एका दमात हाताळतं तो बिटांचा गट, एकेक शब्द 40 बिटचा, म्हणजे 81,920 बिट आणि एका बिटला एक कडी. आजच्या हिशोबात हे सगळं मिळून 10 केबी. तुमच्या व्हॉट्सॲपवर सकाळी सकाळी येणारा गुलाबाच्या फुलाचा फोटोसुद्धा त्यात मावणार नाही, आणि तेवढ्या जागेत आपल्या शास्त्रज्ञांनी खरोखरची गणितं सोडवली. मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

मग आयबीएम या अमेरिकन कंपनीतल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी एक ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचं बारीकसं बटण, आणि एक छोटा कपॅसिटर, म्हणजे विजेचा भार साठवणारा भाग, एवढ्यात एक बिट बसवला, त्याचं पेटंट 1968 चं. आज तुमच्या लॅपटॉपमध्ये, मोबाइलमध्ये जी रॅम आहे, म्हणजे काम चालू असताना माहिती हाताशी ठेवणारी मेमरी, ती याच कल्पनेवर चालते. पण हा कपॅसिटर म्हणजे गळका माठ, त्यातला विजेचा भार सारखा पाझरत असतो, म्हणून दर 64 मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो, आणि हे कॉम्प्युटर चालू असेपर्यंत न थांबता चाललेलं असतं. लाइट गेली की माठ रिकामा. सेव्ह न केलेली फाइल जाते ती अशी.

मग कायमचं ठेवायचं कुठे? 1956 मध्ये आयबीएमने रॅमॅक नावाचा हार्ड डिस्कवाला कॉम्प्युटर आणला, त्यात 24 इंच व्यासाच्या 50 तबकड्या आणि मावायची 50 लाख अक्षरं. मधे फ्लॉपीचा जमाना आला आणि गेला, शेवटची 1.44 एमबीवाली अनेकांच्या कपाटात अजून असेल. पण हार्ड डिस्क मात्र टिकली, आणि इथेच काकूंच्या कॉम्प्युटरचं दुखणं आहे. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते, मिनिटाला 7,200 फेरे, आणि सुईसारखा हात पुढे-मागे होऊन नेमकी जागा शोधतो. या शोधाशोधीत साधारण 10 मिलिसेकंद जातात. आपल्याला ते काहीच नाहीत, पण प्रोसेसरला?

असं समजा की रॅममधून वस्तू काढायला एक सेकंद लागतो, म्हणजे ओट्यावरचा मिठाचा डबा उचलला इतकंच. त्याच हिशोबात एसएसडीमधून, म्हणजे फिरती तबकडी नसलेल्या, चिपवरच्या साठवणीतून, आणायला साधारण सतरा मिनिटं, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन यायला लागतात तेवढी. आणि हार्ड डिस्कमधून आणायचं तर सत्तावीस-अठ्ठावीस तास! मीठ आणायला कोणीतरी गावाला गेलंय आणि स्वयंपाकीण गॅस बंद करून बसलीय, ती कितीही चपळ असली तरी काय करणार. त्यात रॅम कमी असली की अजून पंचाईत, ओट्यावर जागा नाही म्हणून कॉम्प्युटर अर्धं सामान हार्ड डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागलं की परत आणतो.

काकूंचा कॅबिनेट उघडला. धुळीचा हा एवढा थर. रॅमच्या दोन जागा, एक रिकामी, दुसरीत 4 जीबीची पट्टी. पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवर शाळेतलं साधं खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, काळपटपणा गेला, तशीच दुसरी पट्टी शेजारी बसवली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी लावली आणि आधीचं सगळं तिच्यावर उतरवून घेतलं. प्रोसेसर तोच, त्याला हात लावला नाही. बटण दाबलं आणि पंचवीस सेकंदात काकूंच्या नातवाचा फोटो स्क्रीनवर. काकू उठून स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या, सवयीने, चहा टाकायला, त्या दारातूनच परत फिरल्या.

घरी हे करायचं असेल तर आधी प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा आणि मगच पट्टीला हात घाला. हार्ड डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर मात्र काही करू नका, ताबडतोब बंद करा आणि जाणकाराकडे न्या. आणि एक सांगायचं राहिलं, एसएसडी आणि पेन ड्राइव्ह लाइट गेली तरी विसरत नाहीत हे खरं, कारण त्यांच्यात इलेक्ट्रॉन कोंडून ठेवलेले असतात, पण ते कोंडणं जन्मभराचं नसतं, वर्षानुवर्षं न वापरता पडून राहिलं तर हळूहळू निसटतात. तेव्हा लग्नाचे नाहीतर बारशाचे फोटो एखाद्या पेन ड्राइव्हवर घालून कपाटात ठेवलेले असतील, तर आज जेवणं झाली की तो शोधून काढा, जोडून बघा आणि दुसरीकडे एक कॉपी करून घ्या.

नमस्कार.