मधल्या सुट्टीतला अर्धा तास

(दृश्य: सोलापूर. एका सरकारी कार्यालयाचं आवार. रणरणतं ऊन, लिंबाच्या सावलीत दाटीनं लावलेल्या दुचाक्या.)

दुपारचा एक वाजलाय. वरच्या मजल्यावर डबे उघडलेत. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, सोबत दही. ज्यांना आज डबा जमला नाही, ते जिना उतरून कँटीनकडे निघालेत.

हाताशी वेळ अर्धा तास. राज्य सरकारनं 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा केला, तेव्हा कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा झाली. जेवणाची सुट्टी मात्र एक ते दोनच्या दरम्यान अर्धाच तास. घर जुळे सोलापूरसारख्या लांबच्या वस्तीत असेल, तर जाऊन, जेवून परत येणं होत नाही. आवारातलं कँटीन म्हणूनच लागतं.

(दृश्य: कँटीन. मोठ्या पातेल्यात उकळणारी आमटी.)

अनुदान म्हटलं की वाटतं, सरकार ताटामागे पैसे देतं. कँटीनच्या बाबतीत ते बरेचदा दिसतच नाही, कारण ते न धरलेल्या खर्चात असतं. जागेचं भाडं, वीज, पाणी, भांडी, टेबलं. एवढं वजा केलं की ताट आपोआप स्वस्त होतं.

सोलापूरला हा हिशेब नवा नाही. ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी इथं 1877 ची. पुढे 1948 च्या कारखाना कायद्यात 250 हून जास्त कामगारांच्या कारखान्यासाठी कँटीनची तरतूद आली. विक्री ना नफा तत्त्वावर करायची, आणि जागा, इंधन, विजेचा खर्च ताटाच्या दरात धरायचा नाही, तो मालकानं सोसायचा. गिरण्या बंद पडल्या. यंत्रमागाच्या लहान कारखान्यात एवढी माणसं नसतात. तिथला कामगार आजही मागाशेजारीच डबा सोडतो.

केंद्र सरकारच्या कार्यालयांत तर विभागीय, म्हणजे खात्यानंच चालवलेल्या कँटीनमधले स्वयंपाकी, वाढपी 1 ऑक्टोबर 1991 पासून सरकारी कर्मचारीच मानले गेले. म्हणजे त्यांचा पगारही तिजोरीतून. 2021 मध्ये संसदेच्या कँटीनचं अनुदान बंद झालं, त्याची देशभर चर्चा झाली. खासदारांच्या ताटावर एवढं बोललो, तसं जिल्ह्याच्या ठिकाणी जिने पुसणाऱ्यांच्या ताटावर कधी बोललोच नाही, याचं मला वाईट वाटतं.

(दृश्य: जिन्याखालची जागा. बादली, झाडू, स्टीलचा छोटा डबा.)

जिने पुसणाऱ्या या मावशी ठेकेदाराकडून येतात. काम सरकारी इमारतीत, पगार ठेकेदाराचा. कँटीनच्या दरातली सवलत आपल्याला आहे का, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मग त्या विचारतही नाहीत.

26 जानेवारी 2020 ला शिवभोजन, म्हणजे राज्य सरकारचं स्वस्त थाळीचं जेवण, सुरू झालं. शहरात थाळीची किंमत 50 रुपये धरली. जेवणाऱ्यानं 10 द्यायचे, सरकारनं 40. दोन चपात्या, भाजी, वरण, भात. ते गरिबांसाठीच राहावं म्हणून आजूबाजूच्या शासकीय किंवा खासगी आस्थापनांतल्या कर्मचाऱ्यांना सवलतीचं जेवण द्यायला मनाई केली. पगारदार क्लार्कसाठी हे योग्यच. पण गळ्यात ओळखपत्र असलेल्या मावशी कोणत्या रांगेत उभ्या राहणार?

कारखाना कायद्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कँटीनसाठीचा कामगारांचा आकडा 100 वर आणला, आणि तो कंत्राटी कामगार धरून मोजायचा, असं लिहिलं. सरकारी कार्यालयं या संहितेबाहेर आहेत. तिथं ठेकेदारामार्फत राबणारी माणसं मात्र तिच्या आत आहेत. म्हणजे ही माणसं मोजायची, हे कायद्यानं मान्य केलंय.

(दृश्य: कँटीनच्या भिंतीवरचा खडूनं लिहिलेला दरफलक.)

कँटीनचा ठेका ठराविक मुदतीनं नव्यानं दिला जातो. त्या करारात एक ओळ वाढवायला वेगळा निधी लागत नाही: या आवारात काम करणाऱ्या प्रत्येकाला, पगार कुठूनही होत असो, हाच दर. आणि ती ओळ या फलकावरही लिहावी, मावशींना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.