हे खरे आहे काय?

मंडळी, भाषण ठरलं तेव्हा मी वकील संघाच्या सेक्रेटरींना एकच विचारलं, चहा आधी की नंतर? ते म्हणाले, नंतर. म्हणजे म्हाताऱ्याने लांबण लावू नये. ठीक आहे, पन्नास वर्षं न्यायाधीशांच्या घड्याळाकडे बघतच बोलत आलो आहे.

विषय दिलाय ‘वकील ते आमदार’. मराठवाड्यात या विषयाला नावांची काय कमी! नांदेडचे शंकरराव चव्हाण उस्मानियातून वकिलीची परीक्षा पास झाले, पण स्वामी रामानंद तीर्थांच्या हाकेला ओ देऊन निजामाविरुद्धच्या लढ्यात गेले आणि कोट खुंटीलाच राहिला. पुढे 1957 ला आमदार, मग पाटबंधारे मंत्री, दोनदा मुख्यमंत्री. आज आपल्या नळाला जायकवाडीचं पाणी येतं तेव्हा कुणाला आठवत नाही की त्यामागे एक न चाललेली वकिली आहे. उस्मानाबादचे भाई उद्धवराव पाटील शेतकरी कामगार पक्षाचे, वकील. सभागृहात उभे राहिले की सत्ताधारी सावरून बसायचे म्हणतात. लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर नगराध्यक्ष होते, मग आमदार, मग विधानसभेचे अध्यक्ष आणि पुढे लोकसभेचे. विलासराव पुण्यात कायदा शिकले, बाभळगावचे सरपंच झाले आणि 1980 ला विधानसभेत गेले. या सगळ्यांवर बोलणारे लोक आहेत, जयंत्या-पुण्यतिथ्या आहेत.

मी बोलणार आहे तुमच्या या भिंतीवर फोटो नसलेल्या माणसावर. माझे सीनियर. दोन वर्षं आमदार होते. नाव आणि पक्ष मुद्दाम सांगत नाही; ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे आणि त्यांच्या घरची माणसं समोर बसली आहेत.

आधी एक गोष्ट तरुण वकिलांसाठी. आपल्याकडे वकीलच का निवडून यायचा? मुंबई-पुण्याकडे वकील पुढारी झाला तो इंग्रजी येत होतं म्हणून. आपल्याकडे तो पुढारी झाला कारण त्याला कागद वाचता येत होता. निजामाच्या राज्यात कोर्ट उर्दूत, महसूल उर्दूत, साल फसली, म्हणजे निजामाचं महसुली साल. 1357 फसली म्हणजे 1947-48, हा हिशेब माझ्या सीनियरना झोपेतही यायचा. शेतकऱ्याच्या घरात पत्र्याच्या पेटीत मुंतखब म्हणजे जमिनीच्या हक्काचा सरकारी उतारा असायचा, खासरा पाहणीची म्हणजे शेतनोंदीची नक्कल असायची, आणि त्यात आपल्या बापाचं नाव आहे की नाही हेच त्याला ठाऊक नसायचं. त्यात 1948 ला पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य भारतात आलं, 1956 ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, 1960 ला महाराष्ट्रात. बारा वर्षांत तीन राज्यं. शेत जागचं हललं नाही, पण त्याचं अपील हैदराबादहून उठून मुंबईला गेलं. अशा वेळी जो माणूस कागद उजेडात धरून ‘तुझं नाव आहे बाबा’ असं सांगतो, त्याला लोक मत देणार नाहीत तर कुणाला?

1974 ला मी या सीनियरकडे जुनियर म्हणून लागलो. ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली. एक टेबल, दोन बाकडी, लाल कापडात बांधलेले कागदांचे बस्ते आणि कोपऱ्यात मुन्शीजी. मुन्शीजी उर्दू वाचायचे, साहेब ऐकायचे, मी मराठीत उतरवायचो. काम बहुतेक कुळाचं. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950. संरक्षित कुळाला मालकी देणारं त्याचं कलम 38-ई आमच्याकडच्या अडाणी माणसालाही पाठ होतं. ‘साहेब, मपलं अडतीस-ई आहे’ असं म्हणतच पक्षकार आत यायचा. तहसील, डेप्युटी कलेक्टर, महसूल न्यायाधिकरण, आणि तिथेही हरला की मुंबई हायकोर्ट. मनमाडला मीटर गेज सोडायची, मोठी गाडी धरायची. वकिलाचं भाडं, पक्षकाराचं भाडं, दादरला कुणा गाववाल्याच्या खोलीत मुक्काम. अर्धी अपिलं पैशापायी दाखलच झाली नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

फेब्रुवारी 1978 ची निवडणूक. तिकीट अनपेक्षित आलं. मुन्शीजींनी कोर्टाच्या तारखा आणि सभा एकाच डायरीत लिहिल्या. एकदा साहेब सभेच्या वेळी कोर्टात आणि पक्षकार सभेच्या पारावर, असंही झालं. साहेबांचं भाषण वादपत्रासारखं, मुद्देवार. एका गावात शेवटी ते म्हणाले, ‘सबब विनंती की,’ आणि थांबले. पुढे ‘अर्ज मंजूर व्हावा’ येणार होतं. लोक हसले, तेही हसले. त्या गावात चांगली मतं पडली.

तेव्हाची विधानसभा आजच्या विधान भवनात नव्हती, रीगल सिनेमासमोरच्या जुन्या कौन्सिल हॉलमध्ये भरायची. पहिल्या अधिवेशनाहून आले तेव्हा साहेबांनी मला फक्त एक कागद दाखवला: तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा नमुना. ‘बघ, हे तर आपलंच.’ खरंच आपलं होतं. आपण कैफियतीत, म्हणजे दाव्याच्या लेखी उत्तरात लिहितो, ‘परिच्छेद 1 मधील मजकूर खरा नाही व कबूल नाही.’ तिकडे आमदार लिहितो, ‘पुढील गोष्टींचा खुलासा मंत्री करतील काय: (1) हे खरे आहे काय की,’ आणि मंत्री उत्तर देतात, ‘(1) नाही. (2) प्रश्न उद्भवत नाही.’ ‘प्रश्न उद्भवत नाही’ या तीन शब्दांवर या राज्याचा किती कारभार चालला, याचा कुणीतरी एकदा हिशेब मांडायला हवा.

साहेबांचा सगळ्यात चांगला प्रश्न रोजगार हमीवरचा होता. योजनेचा कायदा 1977 चा, अंमल 26 जानेवारी 1979 पासून. खर्चासाठी सरकारने व्यवसाय कर बसवला होता, आणि तो आपण वकीलही भरतो बरं का, तेव्हा त्या मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपत्रकावर, आपलाही थोडा हक्क आहे. आमच्या तालुक्यात एका पाझर तलावाच्या कामावर मजुरांना तीन आठवडे पगार नव्हता. उत्तर आलं, ‘हे खरे नाही.’ दुसरा आमदार ओरडला असता. साहेबांच्या खिशात हजेरीपत्रकाची नक्कल होती, पण ती काढली नाही. उलटतपासात कागद आधी दाखवायचा नसतो. त्यांनी साधा उपप्रश्न विचारला: शेवटचं मस्टर कोणत्या तारखेपर्यंत भरलं आहे? अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठी आली, मंत्र्यांनी तारीख वाचली. मग विचारलं, त्या मस्टरचा पगार कोणत्या तारखेला वाटला? पुन्हा चिठ्ठी. दोन तारखांमधलं अंतर सगळ्या सभागृहाने बोटावर मोजलं. पुढच्या बाजाराच्या आधी पगार वाटला गेला. पेपरात ओळ आली नाही.

इथपर्यंतचं सांगायला मला आवडतं. पुढचं आवडत नाही, पण ते गाळून केलेलं भाषण खोटं ठरेल.

27 जुलै 1978. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं, असा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला. विधानसभेत अध्यक्षांच्या खुर्चीवर आपल्याच लातूरचे वकील शिवराज पाटील होते आणि बाकावर माझे सीनियर. त्यांनी ठरावाला पाठिंबा दिला. त्याच रात्रीपासून मराठवाडा पेटला. गावोगाव दलित वस्त्या जाळल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांचा जीव घेतला. आपल्या तालुक्यातही एका गावात घरं जळली. गावाचं नाव तुमच्यातल्या वयस्कांना विचारा.

साहेब मुंबईहून आले आणि दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. ताप नव्हता, काही नव्हतं. खिडकीचं दार लोटलेलं. बाहेरच्या बाकड्यावर माणसं येऊन बसायची. त्यात वस्तीची होती आणि जाळणाऱ्यांच्या भावकीतलीही होती, दोघेही त्यांचे पक्षकार. कुणाला हो म्हणायचं? मुन्शीजी दर तासाला चहा आत नेत आणि तसाच परत आणत. तिसऱ्या दिवशी पहाटे मला उठवून म्हणाले, ‘कोरे कागद घे. कार्बनही घे.’

वस्तीवर आम्ही दुपारपर्यंत फिर्यादी लिहिल्या. काय काय जळालं, याची यादी: ज्वारीची कणगी, गोधड्या, एक शिलाई मशीन, पोराची दहावीची मार्कशीट. एक म्हातारी सांगता सांगता थांबली. तिने साहेबांना निवडणुकीत ओवाळलं होतं. म्हणाली, ‘परवा कुठं होताव?’ साहेबांनी मान वर केली नाही. माझ्याकडे कागद सरकवून म्हणाले, ‘लिही, मशीन कोणत्या कंपनीचं होतं.’

पुढे वस्तीच्या बाजूने ते उभे राहिले, फी घेतली नाही. गावातले जुने पक्षकार तुटले, सोयरीकही एक तुटली. पण त्या दोन दिवसांची भरपाई यातून झाली असं मी म्हणणार नाही, आणि तेही कधी म्हणाले नाहीत. खटल्यात साक्षीदार एकेक करून फितूर झाले. ते मी सांगत बसत नाही, रेकॉर्ड आहे.

एक आडवी गोष्ट. आमदाराने वकिली करावी का, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि 2018 ला न्यायालयाने सांगितलं की बंदी नाही, कारण आमदार हा सरकारचा पूर्णवेळ पगारी नोकर नव्हे. कायद्याने बरोबर असेल. साहेबांनी मात्र आमदार असेपर्यंत महसुलाची एकही केस चालवली नाही. म्हणायचे, ‘मी तहसीलदारासमोर उभा राहिलो तर तो आमदाराचं ऐकेल, वकिलाचं ऐकणार नाही.’ माझ्या मते ते बरोबर होते.

फेब्रुवारी 1980 ला विधानसभा बरखास्त झाली, पुढच्या निवडणुकीत ते पडले. निकालानंतरच्या सोमवारी अकराला कोर्टात हजर. कोटाला डांबराच्या गोळ्यांचा वास. व्हरांड्यात एका शेतकऱ्याने गाठलं, ‘साहेब, मपल्या फेराचं काय झालं?’ जमिनीच्या नोंदीतल्या फेरफारासाठी तो दोन वर्षं मुंबईचे हेलपाटे टाळून वाट बघत बसला होता. 27 ऑगस्ट 1981 ला औरंगाबादला हायकोर्टाचं खंडपीठ सुरू झालं. त्यावरही दावा झाला, तो दिल्लीपर्यंत गेला, 1982 ला सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठ कायम ठेवलं. साहेब पहिल्यांदा तिथे गेले ते एसटीने आणि रात्री जेवायला घरी परत आले. त्यांच्या बायकोला ते खरंच वाटेना. तिने विचारलं, तारीख पडली का?

ते गेल्यावर त्यांचे बस्ते माझ्याकडे आले. एकात विधानसभेचे प्रश्न आहेत, दाखल केलेले, छापील उत्तरांसह. सगळ्यात खाली एक हस्तलिखित प्रश्न सापडला, कधीच न पाठवलेला. ‘(1) हे खरे आहे काय की, दिनांक 27 जुलै 1978 नंतर,’ मग गावाचं नाव, मग तपशील. शेवटचं पोटकलम प्रत्येक तारांकित प्रश्नाला ठरलेलं असतं तेच आहे: ‘(4) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ साहेबांनी ते दोनदा लिहून दोन्ही वेळा खोडलं आहे.

तो कागद मी आज सोबत आणला आहे. हातात घेऊन बघा, फक्त चहाचे कप लांब ठेवा.