एसी लावला की गाडी का थरथरते?

मंडळी, मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या घरात गेला की माझ्याकडे एकच तक्रार घेऊन गाड्या येतात. "भाऊ, गाडी भलती थरथर करस." धावताना काही नाही, रेल्वे फाटकावर उभी राहिली की स्टिअरिंग, आरसा, सीट, सगळं हलतं. आणि निदानही गाडीवाला सोबतच घेऊन येतो : एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारा पंप, गेला. या निदानापायी लोकांचे पैसे वाया जाताना मी पाहिले आहेत, म्हणून आज बोलतोय.

उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण 750 फेरे फिरतं. चार सिलिंडर असतील तर सेकंदाला इंधन पेटण्याचे 25 ठोके पडतात, तीन असतील तर जेमतेम 19. ठोके विरळ, म्हणून तीन सिलिंडरची गाडी मुळातच थोडी जास्त हलते. तो बिघाड नव्हे. एवढ्या मंद चालीत इंजिनात जोर कमी, आणि नेमका तेव्हाच कॉम्प्रेसर पट्ट्यावरून दोन-चार अश्वशक्ती ओढून घेतो.

रावेर-सावद्याकडे केळीचा घड खांद्यावर घेणारा मजूर आठवा. घड येतोय हे ठाऊक असलं की तो पाय रोवून उभा राहतो. न सांगता ठेवला तर झोकांडी जाते. एसीचं बटण दाबलं की गाडीचा कंट्रोलर इंजिनाला आधीच थोडी जादा हवा नि इंधन देतो, मग कॉम्प्रेसरला पट्ट्याशी जोडणारा क्लच 'टक्' करून बसतो. हलका झटका, आणि इंजिनाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा किंचित वर जाऊन स्थिर. ही निरोगी गाडी.

म्हणून आधी आरपीएमचा काटा बघा. एसी लावल्यावर तो घसरत असेल, तर बहुधा इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीत कार्बन साचून हवेची वाट आखडलेली असते. काटा सारखा नाचत असेल तर ठिणगी पाडणारा प्लग आणि त्याला वीज देणारी कॉइल तपासा. एरवी कसाबसा निभावणारा प्लग ओझं आलं की मिसिंग मारतो, म्हणजे ठोका चुकवतो. आणि काटा स्थिर असूनही बूड हादरत असेल, तर इंजिन ज्यावर टेकलेलं असतं त्या माउंटिंगचं रबर पाहा. चोपड्याकडची एक गाडी दुसरीकडे नवा कॉम्प्रेसर बसवून माझ्याकडे आली होती, थरथर तशीच. एक माउंटिंग फाटलं होतं. ते बदललं, गाडी शांत झाली. त्या माणसाचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे.

आपल्या भागाचं म्हणून एक कारण आहे. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या आसपास रुईचे तंतू उडतात, रस्त्याची धूळ आहेच; दोन्ही कंडेन्सरच्या, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या गाडीच्या पुढच्या भागाच्या, जाळीत बसतात. गाडी उभी असताना समोरून वारा नसतो, सारी भिस्त पंख्यावर. उष्णता बाहेर पडली नाही की एसीतल्या गॅसचा दाब चढतो आणि कॉम्प्रेसर इंजिनाला आणखी दाबतो. "थंड होत नाही, थोडा जास्त गॅस टाका" म्हटलं तरी हेच होतं. गॅस अंदाजाने नव्हे, वजनाने भरायचा. किती, ते बऱ्याच गाड्यांत बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेलं असतं.

कंडेन्सर धुताना इंजिन गार होऊ द्या आणि पाण्याची धार मंद ठेवा. जोराच्या फवाऱ्याने त्या नाजूक पत्र्या वाकतात, आणि वाकल्या की धुतलेल्या जाळीतूनही वारा जात नाही.