भाजीसाठी जहाज काढणारे शेतकरी

नमस्कार श्रोतेहो.

फ्रान्सच्या नकाशावर पश्चिमेला एक लांबट भूभाग अटलांटिकमध्ये घुसलेला दिसतो. तो ब्रिटनी. त्याच्या उत्तर किनाऱ्यावर लेओं नावाचा भाजीपाल्याचा पट्टा आहे. आजचं बोलणं मुख्यतः त्याच्याबद्दल.

हा पट्टा कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या अक्षांशावर येतो. तिकडे हिवाळाभर बर्फ. इथे मात्र महासागरातल्या उबदार प्रवाहामुळे जमीन क्वचितच गोठते. म्हणून बराचसा फ्रान्स गारठलेला असताना इथल्या शेतात फ्लॉवर उभा असतो. पुढे आर्टिचोक, म्हणजे कळीची एक भाजी, येते. कांदा तर जुनाच. १८२८ मध्ये आंरी ओलिव्हिए याच किनाऱ्यावरच्या रोस्कॉफ गावाहून होडीभर कांदे घेऊन इंग्लंडला गेला आणि सगळे खपवून परतला. त्याच्यामागून कित्येक पिढ्या गेल्या. सायकलला गुलाबी कांद्याच्या वेण्या टांगून दारोदार फिरणाऱ्या या लोकांना ब्रिटनमध्ये सरसकट ‘जॉनी’ म्हणत.

पिकत भरपूर होतं, अडत होतं ते विक्रीपाशी. पॅरिस पाचशे किलोमीटरहून लांब, भाव व्यापारी ठरवणार. जून १९६१ मध्ये चिडलेल्या शेतकऱ्यांनी मोर्ले गावातलं सरकारी कार्यालयच ताब्यात घेतलं. आलेक्सी गुरव्हेनेक हा त्यांचा पंचविशीतला पुढारी; त्याला अटक झाली. पण नुसत्या दंग्यावर थांबणारी ही मंडळी नव्हती. त्याच वर्षी त्यांनी आपली विक्री संस्था उभारली आणि लिलाव घड्याळावर आणला: काटा चढ्या भावावरून खाली येत जातो, जो आधी बटण दाबेल त्याचा माल. व्यापाऱ्यांना आपसात भाव पाडायला जागाच उरली नाही.

मग सरकारकडून त्यांनी रोस्कॉफला खोल पाण्याचं बंदर मिळवलं. बंदर झालं, पण तिथून जहाज चालवायला कंपन्या तयार होईनात. तेव्हा शेतकऱ्यांनी स्वतःच कंपनी काढली! जानेवारी १९७३ मध्ये ब्रिटन युरोपीय समुदायात सामील झालं आणि त्याच महिन्यात ‘केरिस्नेल’ हे मालवाहू जहाज रोस्कॉफ ते इंग्लंडमधलं प्लिमथ या मार्गावर धावू लागलं. गंमत अशी, की भाजीपेक्षा सुट्टीवर निघालेले इंग्रजच जास्त गिऱ्हाईक ठरले. ‘ब्रिटनी फेरीज’ आज मोठी प्रवासी कंपनी आहे आणि तिची मालकी मुख्यतः शेतकऱ्यांच्या संस्थांकडेच आहे.

याच जिद्दीने ब्रिटनीने डुकरं आणि कोंबड्याही वाढवल्या. फ्रान्समधली निम्म्याहून जास्त डुकरं इथली. त्यांचं मलमूत्र शेतात, शेतातला नायट्रेट ओढ्यांत, ओढे उथळ खाडीत. आणि उन्हाळ्यात किनाऱ्यावर हिरव्या शेवाळाचे थर. ते कुजलं की विषारी वायू सुटतो. २००९ मध्ये सां-मिशेल-आं-ग्रेव्हच्या किनाऱ्यावर एक घोडा त्यात मेला, स्वार बेशुद्ध पडला. शेतकरी संघटना म्हणतात, खताचा वापर आम्ही कमी केला आहे. पर्यावरणवादी म्हणतात, जनावरांची संख्या घटल्याशिवाय भागणार नाही. मला दुसरं म्हणणं पटतं. पण जनावरं कमी करायची तर कत्तलखान्यांत राबणाऱ्या हजारो कामगारांनी जायचं कुठे, याचं उत्तरही पर्यावरणवाद्यांनाच द्यावं लागेल.